रिग अपग्रेड यार्डात का रखडते आणि ‘८५ टक्के पूर्ण’ हा आकडा कसा वाचावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ एका तेल कंपनीत विहिरींचे नियोजन बघतात. त्यांच्या कंपनीने भाड्याने घेतलेली सेमी-सबमर्सिबल रिग (पायांवर अर्धवट बुडून तरंगणारे खोदकामाचे व्यासपीठ, थोडक्यात ‘सेमी’) अपग्रेडसाठी यार्डात आहे. बाहेर पडण्याची तारीख दोनदा पुढे गेली. यार्डाच्या ताज्या अहवालात काम ८५ टक्के पूर्ण दाखवले आहे. रिगमालक यार्डाला दोष देतो, यार्ड मालकाच्या वाढत जाणाऱ्या मागण्यांना. खरे कोणाचे, दरवेळी असेच का होते आणि आता कोणती तारीख धरून चालायचे?

आधी त्या ८५ टक्क्यांचे बघू. हा आकडा यार्ड मनाने लिहीत नाही, पण तो मोजला जातो मॅन-अवरवर आणि चढवलेल्या पोलादाच्या टनांवर. पोलादकाम, पाइपिंग, रंग ही कामे तास खातात आणि डोळ्यांना दिसतात, म्हणून आकड्यात लवकर येतात. उरलेल्या पंधरा टक्क्यांत काय असते? केबलींची टोके जोडणे, प्रत्येक सेन्सरपासून कंट्रोल रूमपर्यंतचा लूप तपासणे, हायड्रॉलिक लाइन फ्लश करणे, नव्या स्विचबोर्डला वीज देणे, ड्रिलिंग कंट्रोलचे सॉफ्टवेअर नव्या यंत्रांशी जुळवणे आणि शेवटी क्लासच्या, म्हणजे रिग तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या, सर्व्हेअरची सही. यांतली बहुतेक कामे एकामागून एकच होतात. माणसे दुप्पट लावून ती निम्म्या वेळात होत नाहीत. फ्लशिंगचे तेल ठरलेल्या स्वच्छतेला येईपर्यंत पंप फिरतच राहतो, धक्क्यावर कोणी कितीही आरडाओरडा करो. ८५ टक्के दाखवणाऱ्या प्रकल्पात वेळेच्या हिशेबाने जेमतेम दोन-तृतीयांश वाट संपलेली असते, असे मी धरून चालतो.

म्हणून टक्के विचारणे सोडा. एकूण सिस्टिम किती आणि त्यांपैकी किती सिस्टिमचे मेकॅनिकल कम्प्लिशनचे (बसवण्याचे काम संपल्याचे) कागद सही होऊन कमिशनिंगवाल्यांच्या, म्हणजे यंत्रणा चालवून तपासणाऱ्यांच्या, हातात गेले, ते विचारा. केबल किती ओढली हे नको, किती टोके जोडून तपासून झाली ते विचारा. क्लासचे किती शेरे अजून उत्तराविना पडून आहेत, ते विचारा. या तीन प्रश्नांना यार्डाकडून लगेच आकडे आले तर प्रकल्प हातात आहे. ‘आठवड्याभरात कळवतो’ असे आले, तर तारीख तिसऱ्यांदा पुढे जाणार हे समजून चाला.

आता असे नेहमीच का होते. माझे ठाम मत असे की अपग्रेडच्या उशिराचा मोठा भाग रिग यार्डाच्या धक्क्याला लागण्याआधीच ठरून गेलेला असतो. यार्डात ढिलाई असते, नाही असे नाही. त्याकडे पुढे येतो. पण ज्या प्रकल्पात इंजिनिअरिंग अर्धवट असताना रिग आत घेतली जाते, तिथे जगातले सर्वोत्तम यार्डही तारीख पाळू शकत नाही. आणि रिग बहुतेक वेळा तशीच आत जाते, कारण आधीचे कंत्राट संपलेले असते, डे-रेट, म्हणजे रिगचे रोजचे भाडे, थांबलेला असतो आणि धक्क्याची जागा आरक्षित असते. ड्रॉइंग मागाहून येतील, असे ठरवून टगबोटी बोलावल्या जातात.

नवी रिग बांधताना निदान कोरी पाटी असते. जुन्या रिगचे अपग्रेड म्हणजे जुने घर दुरुस्तीला काढणे. प्लास्टर पाडल्यावर आत काय निघेल ते कोणी सांगू शकत नाही. टाक्या रिकाम्या करून, धुऊन, गॅसमुक्त करून, मचाण बांधून, ब्लास्टिंग केल्याशिवाय पत्र्याची खरी जाडी कळत नाही. अल्ट्रासॉनिक गेजिंगचे आकडे येतात तेव्हा कंत्राटात धरलेले पोलाद आणि प्रत्यक्ष बदलावे लागणारे पोलाद यांत मोठी तफावत निघते. त्यातच अपग्रेड बहुधा क्लासच्या पाच वर्षांनी येणाऱ्या मोठ्या सर्व्हेला जोडून घेतात. हिशेबाने ते बरोबरच आहे, रिग दोनदा बंद ठेवावी लागत नाही. पण सर्व्हेत निघालेले काम मालकाच्या इच्छेवर सोडता येत नाही. ब्रेसच्या (रिगचे पाय जोडून धरणाऱ्या नळीच्या) जोडावर तडा सापडला की तो खरवडून, भरून, पुन्हा तपासूनच पुढे जायचे.

या बाबतीत क्लास वाकत नाही आणि वाकू नये. २७ मार्च १९८० रोजी नॉर्वेच्या समुद्रात ‘अलेक्झांडर किलँड’ ही सेमी उलटली, १२३ माणसे गेली. सुरुवात झाली होती एका ब्रेसवर हायड्रोफोनचा आधार बसवण्यासाठी केलेल्या वेल्डमधून. फटिगचा (वारंवार ताण पडून येणारा) तडा वाढत गेला, ब्रेस तुटला, त्याच्या मागे पायच निसटला. ज्याला ही घटना माहीत आहे तो सर्व्हेअर ‘पुढच्या डॉकिंगला बघू’ या वाक्यावर सही करत नाही.

दुसरी अडचण कागदांची. बहुतेक जुन्या रिग तीन-चार मालकांच्या हातून गेलेल्या असतात. प्रत्येकाने काही पाइप फिरवले, काही केबली तशाच सोडून नव्या ओढल्या, एखादा बल्कहेड (आतली आडभिंत) कापून दार केले. यांतले निम्मेसुद्धा ‘अ‍ॅज-बिल्ट’, म्हणजे प्रत्यक्षात जसे आहे तसे दाखवणाऱ्या, ड्रॉइंगवर चढत नाही. मग नवा पाइप जिथून जायचा तिथे आधीच केबल-ट्रे निघतो. प्रत्येक टक्कर म्हणजे एक प्रश्न, एक बदललेले ड्रॉइंग, एक मंजुरी आणि फोरमनचा थांबलेला गट. खूप जुन्या रिगमध्ये इन्सुलेशनमागे अ‍ॅसबेस्टॉस निघते, तेव्हा तो संपूर्ण भाग सील होतो. ते काढायला खास परवाना असलेले लोक लागतात आणि तोवर बाकी कोणालाही आत पाऊल टाकता येत नाही.

आता वजनाबद्दल. अपग्रेडचा खरा गुंता इथे आहे आणि नियोजन विभागातल्या मंडळींना तो सहसा दिसत नाही.

समजा, तुमच्या विहिरींना १०,००० पीएसआयच्या जागी १५,००० पीएसआयचा बीओपी (विहिरीतून उसळणारे तेल-वायू रोखणारी झडपांची यंत्रणा; पीएसआय हे दाबाचे एकक) हवा. कागदावर ही एक ओळ आहे. पण पूर्ण १५,०००चा १८¾ इंची स्टॅक, म्हणजे या झडपांची उतरंड, ३०० टनांच्या पुढे जाऊ शकतो. तो उचलायला क्रेन आणि गाडा मोठा हवा, गाड्याखालचा डेक मजबूत हवा, मूनपूलची (रिगच्या मधल्या, पाण्यात उघडणाऱ्या भोकाची) मोकळी जागा पुरायला हवी. विहिरीचा दाब सांभाळणाऱ्या चोक मॅनिफोल्ड, किल लाइन आणि रायझरवरच्या (समुद्रतळापासून रिगपर्यंतच्या नळीवरच्या) लाइन त्याच दाबाच्या हव्यात. रायझर जास्त खोलीचा घेतला तर त्याचे सांधे ठेवायला डेकवर जागा हवी आणि तो ताणून धरणारे टेन्शनर जास्त ताकदीचे हवेत. मड पंप (खोदकामाचा चिखल विहिरीत ढकलणारे) ७,५०० पीएसआयचे घेतले तर स्टँडपाइपपर्यंतची लाइन बदलते, मोटारी मोठ्या होतात, म्हणजे जनरेटर आणि स्विचबोर्ड बदलतात, म्हणजे कूलिंग आणि व्हेंटिलेशन बदलते. या प्रत्येक वस्तूचे वजन रिगच्या वरच्या भागात चढते आणि गुरुत्वमध्य वर सरकतो. सेमीचे सगळे अर्थकारण डेकवर किती बदलते वजन पेलता येते यावर उभे असते. ते घटले की अपग्रेडचा फायदाच जातो. मग पायांना बाजूने स्पॉन्सन, म्हणजे तरंगशक्ती वाढवणाऱ्या पेट्या, जोडाव्या लागतात. त्याने लाटांचा आणि प्रवाहाचा भार वाढतो, म्हणून नांगरांच्या साखळ्या आणि विंच पुन्हा तपासायच्या. शेवटी इन्क्लायनिंग टेस्ट, म्हणजे रिग मुद्दाम किंचित कलवून तिचे वजन आणि गुरुत्वमध्य काढण्याची चाचणी. तिच्यात वजन अंदाजापेक्षा जास्त निघाले तर स्टॅबिलिटीचे सगळे हिशेब नव्याने करून क्लासकडे.

हे जमत नाही असे नाही. डायमंड ऑफशोअरने आपल्या १९७०च्या दशकातल्या व्हिक्टरी-क्लास सेमी सिंगापूरच्या केपेल फेल्स यार्डात अशाच वाढवून खोल पाण्याला लायक केल्या. त्यांपैकी ‘ओशन एन्डेव्हर’चे काम साधारण २५ कोटी डॉलरचे होते. पण एकाच घराण्याच्या रिग एकाच यार्डात एकामागून एक गेल्या, म्हणजे आधीच्या रिगवर जे शिकले ते पुढच्या रिगवर कामी येऊ शकते. तुमची रिग तिच्या घराण्यातली एकटीच असेल, तर हे सगळे पहिल्यांदा तिच्यावरच शिकले जाणार.

आणि या साखळीच्या मध्येच कोणीतरी बदल सुचवतो. बहुतेक वेळा तो कोणीतरी तुमच्याच कंपनीतला असतो, हे स्पष्टच सांगतो. ‘मॅनेज्ड प्रेशर ड्रिलिंगची सोय आताच करून घेऊ’ (विहिरीतला दाब नियंत्रित ठेवून खोदण्याची पद्धत), ‘आमच्या माणसांसाठी दहा बंक वाढवा’. बंक वाढले की लाइफबोटची क्षमता वाढते, सांडपाण्याची व्यवस्था वाढते, आगीच्या झोनची आखणी बदलते. मालक तेल कंपनीला नाही म्हणत नाही, कारण कंत्राट हवे असते. यार्ड मालकाला नाही म्हणत नाही, कारण चेंज ऑर्डरवर (बदललेल्या किंवा वाढीव कामाच्या आदेशावर) नफा मूळ कामापेक्षा चांगला मिळतो. प्रत्येक चेंज ऑर्डरवर किंमत लिहिलेली असते. दिवसांच्या रकान्यात मात्र ‘परिणाम नंतर कळवू’ असे लिहून सह्या होतात. असे कागद जमा होत गेले की मूळ तारखेला कायद्याने काही अर्थ उरत नाही आणि उशिराचा दंड वसूल करण्याची मालकाची बाजूही लंगडी होते.

यंत्रसामग्रीचे दुखणे वेगळे. बीओपी, टॉप ड्राइव्ह (खोदकामाचा पाइप फिरवणारे यंत्र), मड पंप, ड्रिलिंग कंट्रोल यांचे निर्माते जगात मोजके. २० एप्रिल २०१० रोजी ‘डीपवॉटर होरायझन’ या रिगवर स्फोट झाला. नंतरच्या चौकशीत ब्लाइंड शीअर रॅमने (बीओपीतल्या, पाइप कापून विहीर बंद करणाऱ्या पात्यांनी) पाइप नीट कापला नाही हे पुढे आले आणि बीओपीच्या देखभालीचे, चाचणीचे, कागदपत्रांचे नियम घट्ट झाले. २०१२ मध्ये एपीआयचे (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे) स्टँडर्ड ५३ आले, २०१६ मध्ये अमेरिकेचा वेल कंट्रोल नियम. बीओपी उघडून, तपासून, मूळ निर्मात्याकडून पुन्हा प्रमाणित करून घेताना त्यांच्या कार्यशाळेत जागा मिळवावी लागते. रॅमच्या बॉडीत दोष निघाला तर नवे फोर्जिंग मागवायचे, आणि फोर्जिंगला महिने लागतात. कंत्राटात ही सामग्री सहसा मालकाने पुरवायची असते. ती उशिरा आली की यार्डाला हायसे वाटते. स्वतःची दिरंगाई त्याच सावलीत झाकता येते आणि मुदतवाढ हक्काने मागता येते. तुमच्या प्रकरणात मालक यार्डाला दोष देत असेल, तर त्याने पुरवायच्या वस्तूंची यादी आणि त्या प्रत्यक्ष आल्याच्या तारखा तेवढ्या मागून बघा. बोलण्याचा सूर बहुधा बदलेल.

यार्डाची बाजू म्हणजे माणसे आणि जागा. यार्डाची स्वतःची माणसे थोडी असतात, बाकी वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन उपकंत्राटदारांचे. शेजारच्या धक्क्यावर मोठे नवे बांधकाम असले की चांगला फोरमन तिकडे जातो आणि हे कोणत्याही अहवालात लिहिलेले नसते. २०१४च्या उत्तरार्धात तेलाचे भाव कोसळले, पुढची काही वर्षे रिग भंगारात गेल्या किंवा बंद करून नांगरून ठेवल्या गेल्या, आणि रिगचे काम जाणणारी माणसे इतर उद्योगांत पांगली. २०२० मध्ये सिंगापूरच्या कामगार वसतिगृहांत कोविड पसरला आणि तिथली यार्डे ठप्प झाली. २०२३ मध्ये केपेलचा ऑफशोअर विभाग आणि सेम्बकॉर्प मरीन एकत्र होऊन सीट्रियम झाली; दोन मोठ्या प्रतिस्पर्ध्यांच्या जागी एक उरली. मधल्या काळात मागणी परतली, तेव्हा वर्षानुवर्षे वीज बंद करून ठेवलेल्या ड्रिलशिप (खोदकामाची जहाजे) पुन्हा चालू करायला एकेकीमागे दहा कोटी डॉलरच्या आसपासचे आकडे ऐकू येऊ लागले. पैसे असले तरी ते काम जाणणारा इलेक्ट्रिकल फोरमन कुठून आणणार?

डॉकचेही तसेच. सेमीची रुंदी ७०-८० मीटर असते आणि जहाजांच्या सर्वसाधारण ड्राय डॉकमध्ये ती मावतच नाही. बेलफास्टच्या ५५६ मीटर लांब, ९३ मीटर रुंद डॉकसारखी ठिकाणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तारीख चुकली की पुढच्या गिऱ्हाइकाला जागा द्यायची, मग तुमची रिग धक्क्याला आणि उरलेले काम पाणबुड्यांकडून. जॅक-अपला (समुद्रतळावर पाय टेकून उभ्या राहणाऱ्या रिगला) हा त्रास कमी, पण तिच्या पायांचे दुखणे आहे. कॉर्डचे (पायाच्या उभ्या मुख्य खांबांचे) पोलाद ६९० मेगापास्कल ताकदीचे आणि जाड, आणि ते बनवणाऱ्या गिरण्या थोड्या. त्याच्या वेल्डला आधी ठरावीक तापमानापर्यंत तापवावे लागते. हायड्रोजनमुळे तडा उशिरा उमटू शकतो, म्हणून वेल्ड थंड झाल्यावर किमान ४८ तास थांबूनच शेवटची तपासणी करतात. पाय लांब करायच्या कामात हे ४८ तास कितीदा येतात ते मोजा. ते कोणत्याही ओव्हरटाइमने कमी होत नाहीत.

उशीर झाला की सगळ्यांच्या डोक्यात एकच उपाय येतो: माणसे वाढवा, सगळी कामे एकदम चालू करा. मला याची सर्वांत जास्त भीती वाटते. बंदिस्त जागांत वरच्या मजल्यावर कटिंग, खाली रंग, शेजारी टाकीची सफाई, आणि हॉट वर्कचे (ठिणग्या उडणाऱ्या कामाचे) परमिट देणारा अधिकारी एकटा. १३ फेब्रुवारी २०१८ रोजी कोचीन शिपयार्डमध्ये दुरुस्तीला आलेल्या ओएनजीसीच्या ‘सागर भूषण’ या ड्रिलशिपवर गॅस साठून स्फोट झाला, पाच कामगार गेले. ती कामे घाईची होती असे मी म्हणत नाही. यार्डातल्या जहाजाच्या पोटात गॅस कुठून कुठे पोहोचू शकतो, एवढेच त्यातून घ्यायचे. परमिटची रांग लांबली तर लांबू द्या, त्या रांगेवर दबाव आणणारी ईमेल तुमच्या कार्यालयातून जाता कामा नये.

खरे कोणाचे, या प्रश्नाला तुमच्या रिगपुरते उत्तर मी कागद न बघता देणार नाही. पण आधीची प्रकरणे बघितली तर वाद बहुधा एकाच ठिकाणी येऊन थांबतो: डिझाइनची जबाबदारी कोणाची? साँगा ऑफशोअर या रिगमालक कंपनीच्या चार ‘कॅट-डी’ रिग दक्षिण कोरियाच्या देवू यार्डात बांधल्या गेल्या. त्या खूप उशिरा झाल्या आणि मूळ डिझाइनच सदोष होते, असा यार्डाचा दावा होता. २०१७ मध्ये लवादाने साँगाच्या बाजूने निर्णय दिला. त्याच्या बऱ्याच आधी, ओशन रिग या कंपनीच्या ‘लेव्ह आयरिक्सन’ आणि ‘आयरिक राउडे’ यांचे सांगाडे चीनच्या दालियानमध्ये झाले आणि पुढचे काम अमेरिकेत पास्कागुला इथल्या फ्रीड गोल्डमन यार्डाकडे गेले. मुदत आणि बजेट दोन्ही कोलमडले, २००१ मध्ये यार्डाच्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ‘आयरिक राउडे’ कॅनडात नेऊन पूर्ण करावी लागली. ही नव्या बांधकामाची उदाहरणे आहेत, पण अपग्रेडमध्ये डिझाइनची मालकी याहूनही धूसर असते. मूळ डिझाइनर एक, अपग्रेडचा सल्लागार दुसरा, तपशिलाची ड्रॉइंग यार्डाने कोणा तिसऱ्याला दिलेली.

बाजार कुठे चालला आहे यावरही बरेच ठरते. २०१५ मध्ये बाजार पडत असताना सीड्रिलने ‘वेस्ट मिरा’चे आणि फ्रेड ओल्सेन एनर्जीने ‘बोल्स्टा डॉल्फिन’चे बांधणी-कंत्राट उशिराचे कारण देऊन रद्द केले. उशीर खराच होता. पण डे-रेट चढे असते तर तोच उशीर दंड आकारून पोटात घातला गेला असता, असे मला वाटते. तुमच्या भाडेकरारातही ‘या तारखेपर्यंत रिग न आल्यास रद्द’ असे कलम असेल. आजचा दर तुमच्या करारातल्या दरापेक्षा वर असेल, तर ती तारीख उलटावी आणि तुम्ही रागाने करार मोडावा, यात मालकाचे फारसे नुकसान नाही. दर खाली असेल तर तो रात्रीचा दिवस करील. हा विचार कडवट वाटेल, पण मालकाच्या आश्वासनांपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

ऋतूचा हिशेब मात्र तुमचा तुम्हालाच करावा लागेल. २०१२ मध्ये शेलचा अलास्काचा हंगाम बघा. ‘आर्क्टिक चॅलेंजर’ ही गळती अडवायची बार्ज अमेरिकेतल्या बेलिंगहॅममध्ये तयार होत होती. तिला कोस्ट गार्डची मान्यता मिळायला उशीर झाला आणि सप्टेंबरमध्ये चाचणीत तिचा डोम (गळतीवर ठेवायचा घुमट) खराब झाला. रिग जागेवर असूनही त्या वर्षी शेलला तेलाच्या थरापर्यंत जाता आले नाही, विहिरींचे वरचे भाग तेवढे खोदून थांबावे लागले. यार्डातले काही आठवडे समुद्रावर एक अख्खे वर्ष खाऊ शकतात.

तेव्हा आता काय करायचे? पहिले म्हणजे, मागण्यांना आजपासून कुलूप लावा. तुमच्या कंपनीकडून सुरक्षेव्यतिरिक्त एकही नवा बदल जाऊ नये. दुसरे, कमिशनिंग जाणणारा आपला एक माणूस यार्डात बसवा. पोलादाचा जाणकार पाठवू नका, त्याची वेळ गेली. तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. येत्या काही आठवड्यांत मालक सुचवेल की रिग निघू द्या, उरलेले काम वाटेत आणि विहिरीवर करू. रंग, केबिनचे फर्निचर, स्टोअरची कपाटे यांना हो म्हणा. बीओपी कंट्रोल, आग-गॅस डिटेक्शन, पॉवर मॅनेजमेंट, ड्रिलिंग कंट्रोल यांतली एकही न झालेली चाचणी सोबत नेऊ देऊ नका. समुद्रावर फिटरला बंक लागतो, हेलिकॉप्टर लागते, हवामान लागते, आणि तोवर पुरवठा-जहाजे, सिमेंटिंग, लॉगिंग यांची मीटरे चालूच असतात. यार्डात एका दिवसाचे काम तिथे आठवडा घेते. स्वीकृती-चाचणीची यादी तुमच्या हातात आहे आणि रिग धक्क्यावर आहे तोवरच तिला वजन आहे.

तारखेचे म्हणाल तर मी असे धरेन: सगळ्या सिस्टिम कमिशनिंगच्या हाती गेल्याचा दिवस यार्डाने सांगू दे. बहुतेक अपग्रेडमध्ये त्यापुढे सहा ते दहा आठवडे, त्यात इन्क्लायनिंग टेस्ट, क्लासची प्रमाणपत्रे आणि बीओपीच्या पूर्ण दाबाच्या चाचण्या आल्या. मग टोईंगचा वेळ आणि हवामानाची खिडकी. ती खिडकी चुकत असेल तर पहिली विहीर आतापासूनच बदला, उथळ पाण्यातली किंवा कमी दाबाची घ्या. यार्डाने तो दिवसच सांगितला नाही, तर पर्यायी रिगच्या दलालाशी बोलणे याच आठवड्यात सुरू करा.